खडक गाठायचा की वाळूवर थांबायचं?

‘पुलाच्या पायांच्या पद्धतींची तुलना करा’ असा प्रश्न आला, की तुम्ही तक्ता आखून मोकळे होता. पण निर्णय होईपर्यंत खाली माणसं मरत असतील तर? वॉशिंग्टन रोब्लिंगवर ही वेळ आली होती.

1869 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाची जागा पाहताना त्याच्या वडिलांचा, जॉन रोब्लिंग यांचा, पाय धक्क्यावर बोटीच्या धडकेने चिरडला. धनुर्वात होऊन ते गेले आणि अवघ्या 32 वर्षांचा वॉशिंग्टन मुख्य इंजिनिअर झाला.

ईस्ट रिव्हरच्या दोन काठांना दोन मनोरे उभारायचे होते. पद्धत एकच. लाकडाची अवाढव्य, बिनतळाची पेटी, म्हणजे केसन, नदीत बुडवायची. आत दाबाची हवा सोडून पाणी बाहेर ठेवायचं. मजुरांनी आत उतरून माती उपसायची आणि वर चढत जाणाऱ्या दगडी बांधकामाच्या वजनाने पेटी खाली सरकायची. ब्रुकलिनकडे साधारण 44 फुटांवर भक्कम थर लागला. मॅनहॅटनकडे मात्र 70 फूट गेले तरी खडकाचा पत्ता नाही!

जितकं खोल, तितका हवेचा दाब जास्त. वर आलेल्या मजुरांचे सांधे असह्य दुखायचे, काहींचे पाय लुळे पडायचे. दाब झटकन उतरला की रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होतात, हे तेव्हा तिथल्या डॉक्टरांनाही उमगलेलं नव्हतं. 1872 च्या एप्रिल-मेमध्ये मजूर दगावू लागले.

रोब्लिंगने हिशेब मांडला. खडक उंचसखल होता. तो गाठायला आणखी कित्येक महिने आणि बरेच जीव गेले असते. वाळू मात्र घट्ट दबलेली होती. खालच्या थरात हाडं-खापरं काहीच मिळत नव्हती, म्हणजे ती साचल्यापासून हललेली नव्हती. 78 फुटांवर त्याने काम थांबवलं.

तो स्वतःही वारंवार केसनमध्ये उतरायचा. त्याच आजाराने त्याला अंथरुणाला खिळवलं. मग त्याची पत्नी एमिली गणित आणि केबलचं शास्त्र शिकली, त्याच्या सूचना रोज साइटवर पोचवू लागली. 24 मे 1883 ला पूल खुला झाला.

मॅनहॅटनचा मनोरा आजही त्या वाळूवरच उभा आहे. पुढच्या वेळी तो तक्ता आखाल, तेव्हा त्यात एक रकाना वाढवा: खाली उतरणाऱ्या माणसाचं काय?