मोहावर जय : रेव्हरंड नारायण वामन टिळक

बालमित्रहो, मोह म्हटला म्हणजे चोरी, असत्य, व्यसन असे उघड दुर्गुणच आपल्या डोळ्यांपुढे येतात. परंतु ज्याला कोणी नावे ठेवणार नाही असाही एक मोह आहे. तो म्हणजे सत्य पटल्यावरही स्वस्थ बसण्याचा. त्याच्याशी झगडलेल्या एका थोर पुरुषाचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

कवी नारायण वामन टिळक यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे ब्राह्मण कुलात झाला. १८९३ साली राजनांदगावास जात असता आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने त्यांना नवा करार दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन वेधले व ख्रिस्त त्यांना पटला. खरी परीक्षा येथेच सुरू झाली. बाप्तिस्मा घेतला तर जात जाणार, आप्त दुरावणार, पत्नी लक्ष्मीबाई व लहानगा दत्तू यांची ताटातूट होणार, हे त्यांस स्पष्ट दिसत होते. मनात ख्रिस्ताला मानावे आणि बाहेरून पूर्ववत राहावे, हा मार्ग सोपा होता. काही काळ ते त्याच मार्गाने गेले. आपले नाव गुप्त ठेवून ख्रिस्ती पत्राच्या संपादकाशी पत्रव्यवहार करीत राहिले. थोरांचीही पावले अडखळतात, हे आम्ही झाकून ठेवीत नाही. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी उघडपणे बाप्तिस्मा घेतला.

जे भय होते तेच घडले. पतिपत्नींचा वियोग चार-पाच वर्षे टिकला. पुढे लक्ष्मीबाई परत आल्या, तेव्हा त्यांच्या सोवळ्याओवळ्यावर टिळकांनी सक्ती केली नाही; १९०० साली त्यांनी स्वखुशीने बाप्तिस्मा घेतला. सत्तेचा मोह घरातच अधिक होतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या संयमाची किंमत कळते.

आमच्या बीड जिल्ह्याला लागून असलेले अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, ही त्यांची कर्मभूमी. तेथे त्यांनी अध्यापन केले, अभंग व भजने रचिली. १९१७ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनचे वेतन सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. उतारवयात निश्चित प्राप्तीचा मोह केवढा असतो, हे आपल्या वडिलांस विचारावे! ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचे देहावसान झाले.

टिळक शीघ्रकोपी होते. द्रव्य त्यांच्या हाती टिकत नसे. ते निर्दोष होते असे आम्ही म्हणत नाही. अडखळल्यावर ते पुन्हा उठून चालू लागले, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.

विद्यार्थ्यांनो, सोबत्यांच्या हसण्याच्या भीतीने खरे बोलणे गिळून टाकण्याचा प्रसंग तुम्हांवर वर्गात नित्य येतो. तो लहान दिसतो, परंतु जात त्याच मोहाची आहे. काल गप्प बसला असाल, तर आज बोलावे. टिळकांसही दोन वर्षे लागली होती.