हेलनच्या बाई : ॲन सलिव्हन

हेलन केलर हे नाव ज्याने ऐकले नाही असा शब्बाथ शाळेचा शिक्षक विरळाच. दृष्टी नाही, श्रवण नाही, वाचा नाही, अशी ती मुलगी पुढे पदवीधर झाली, ग्रंथ लिहू लागली, देशोदेशी हिंडली, ही हकीकत आपण मुलांना कितीदा तरी सांगितली असेल. पण तिला शिकविणाऱ्या बाईंचे नाव कोणी विचारले, तर आपल्यातील पुष्कळांना क्षणभर थांबावे लागेल. खुद्द हेलन त्यांना नावाने हाक मारीत नसे. ती त्यांना जन्मभर फक्त ‘टीचर’ म्हणत आली. आपल्या बोलीत सांगायचे तर ‘बाई’. त्या बाईंचे हे चरित्र.

ॲन सलिव्हन यांचा जन्म १४ एप्रिल १८६६ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात फीडिंग हिल्स या खेड्यात झाला. आईबाप आयर्लंडमधील दुष्काळानंतर पोट भरण्यासाठी आलेले. घरात अठराविश्वे दारिद्र्य, आणि बापाला दारूचे व्यसन. ॲनी पाच वर्षांची असताना तिच्या डोळ्यांना खुपऱ्या झाल्या. उपचार झाला नाही आणि दृष्टी मंदावत गेली. ती आठ वर्षांची होते न होते तोच आई क्षयाने वारली. पुढे बापाने मुलांवरची जबाबदारी टाकून दिली. धाकटी बहीण एका नातलगाने घेतली. पण अर्धवट आंधळी ॲनी आणि खुब्याच्या क्षयाने लंगडणारा तिचा धाकटा भाऊ जिमी यांना कोण घेणार? फेब्रुवारी १८७६ मध्ये त्या दोघांना ट्यूक्सबरी येथील सरकारी अनाथ-कंगालखान्यात पोहोचविण्यात आले.

तेथे म्हातारे, वेडे, रोगी, टाकून दिलेल्या बाया, सारे एकत्रच कोंबलेले असत. काही महिन्यांतच जिमी गेला. ॲनीला जगात आपले म्हणावे असे ते एकच माणूस होते. पुढे या ठिकाणाविषयी ती इतकी गप्प राहिली, की हेलनलाही कित्येक वर्षे त्याचा पत्ता नव्हता.

त्या जागेत ती चार वर्षे राहिली. डोळ्यांवर शस्त्रक्रिया झाल्या, पण गुण आला नाही. आंधळ्यांसाठी शाळा असतात असे तिच्या कानावर आले आणि तिने तोच ध्यास घेतला. १८८० साली सरकारी पाहणीचे एक मंडळ आले. त्यात फ्रँक सॅनबॉर्न नावाचे अधिकारी आहेत एवढेच तिला ठाऊक होते. त्यांतले सॅनबॉर्न कोणते हे दिसायला डोळे कोठे होते? मंडळी फाटकाशी परत निघाली तेव्हा ही पोर त्या घोळक्यात शिरली आणि मला शाळेत जायचे आहे म्हणून ओरडू लागली. त्या ओरडण्याचा उपयोग झाला. ऑक्टोबर १८८० मध्ये तिला बोस्टनच्या पर्किन्स अंधशाळेत दाखल करण्यात आले.

चौदा वर्षांची घोडी, आणि स्वतःचे नाव लिहिता येत नाही! वर्गातल्या लहान मुली हसत. ॲनीचा स्वभाव तापट. ती उलट उत्तरे देई, आणि शाळेतून काढून टाकण्याची गोष्टही निघाली होती. पण दोन-चार शिक्षिकांनी तिचे पाणी ओळखले, आणि मिसेस सोफिया हॉपकिन्स या गृहमातेने तर तिला लेकीसारखी जवळ केली. १८८१ आणि १८८२ साली पुन्हा शस्त्रक्रिया झाल्या आणि या वेळी तिला छापील अक्षरे वाचण्याइतके दिसू लागले. आता ती अंधशाळेतील डोळस मुलगी झाली. १८८६ साली ती वर्गात पहिली आली.

पर्किन्समध्ये लॉरा ब्रिजमन नावाच्या एक प्रौढ बाई राहत. त्याही आंधळ्या आणि बहिऱ्या. डॉ. सॅम्युएल ग्रिडली हाऊ यांनी १८३७ पासून त्यांना शिकविले होते. एका हाताच्या बोटांनी निरनिराळे आकार करून मुळाक्षरे दाखवायची आणि ते आकार समोरच्याने आपल्या तळहाताने चाचपून वाचायचे, अशी ही हस्तलिपी. लॉराबाईंना दिवसभराच्या बातम्या कळाव्यात म्हणून ॲनीने ती शिकून घेतली. या लहानशा सेवेचा पुढे केवढा उपयोग होणार होता, हे तेव्हा तिच्या स्वप्नातही नव्हते.

इकडे दूर दक्षिणेत अलाबामा राज्यातील टस्कंबिया गावी कॅप्टन आर्थर केलर यांची मुलगी हेलन एकोणीस महिन्यांची असताना आजारी पडली, आणि त्या आजाराने तिचे डोळे आणि कान दोन्ही नेले. तिच्या आईने चार्ल्स डिकन्सच्या अमेरिका-प्रवासवर्णनात लॉरा ब्रिजमनविषयी वाचले होते. त्या एका आठवणीवर आशा ठेवून आईबाप मुलीला घेऊन बॉल्टिमोरच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्याकडे पाठविले. होय, टेलिफोनवाले बेल तेच, बहिऱ्या मुलांचे शिक्षण हे त्यांचे मूळचे काम. बेल यांनी पर्किन्स शाळेचे नाव सांगितले. तेथील संचालक मायकेल अनाग्नोस यांनी ॲनीचे नाव सुचविले. पगार महिना पंचवीस डॉलर. ॲनीने आधी काही महिने डॉ. हाऊ यांचे जुने अहवाल डोळे दुखेपर्यंत वाचून काढले आणि ३ मार्च १८८७ रोजी ती टस्कंबियाला उतरली. बाईंचे वय वीस, विद्यार्थिनीचे सात वर्षांना थोडे कमी.

पुढचा महिना कसा गेला हे बाईंनी मिसेस हॉपकिन्सना लिहिलेल्या पत्रांतून कळते, आणि ज्याने कोणी हट्टी मूल शिकविले असेल त्याने ती पत्रे जरूर वाचावीत. हेलन घरात राणीसारखी वागे. जेवताना टेबलाभोवती फिरून ज्याच्या त्याच्या ताटात हात घाली आणि हवे ते उचली. कोणी आडवे आले तर लाथा, बुक्के, चावे. तिने बाईंचा पुढचा एक दात पाडला. एकदा बाईंना खोलीत कोंडून किल्ली लपविली, तेव्हा कॅप्टनसाहेबांनी शिडी लावून त्यांना खिडकीतून खाली उतरविले! घरची माणसे दयेपोटी सारे सोशीत. बाईंनी एके सकाळी सर्वांना भोजनगृहातून बाहेर जाऊ दिले, दाराला कुलूप घातले आणि हेलनला आपल्या ताटात चमच्याने जेवायला लावले. चमचा फेकला जाई, बाई तो पुन्हा तिच्या हातात देत. मग रुमालाच्या घडीवरून आणखी तासभर झुंज. अखेर मुलगी जेवली, रुमालाची घडी झाली, आणि बाई वर जाऊन पलंगावर पडून पोटभर रडल्या.

आजच्या शिक्षणशास्त्राला ही झोंबाझोंबी मान्य होणार नाही, आणि ते योग्यच आहे. बाई तर कोठल्याच प्रशिक्षण विद्यालयात गेल्या नव्हत्या. पण त्यांनी एक गोष्ट हेरली होती. या घरात सर्वांनी हेलनची कीव केली होती, तिच्याकडून कशाची अपेक्षा मात्र कोणीच केली नव्हती.

त्यांनी आईबापांकडे बागेतील छोटे घर मागून घेतले आणि मुलीला घेऊन दोन आठवडे तेथे वेगळे बिऱ्हाड केले. हेलनला जागा ओळखू येऊ नये म्हणून तिला गाडीतून लांबचा फेरा मारून तेथे नेले. हळूहळू मुलगी निवळली. तिच्या हातावर बाई दिवसभर अक्षरे लिहीत: बाहुली, केक, टोपी. हेलन ती माकडासारखी परत करून दाखवी, पण त्या बोटांच्या हालचालींचा वस्तूंशी काही संबंध आहे हे तिला कळत नव्हते. वडील एकदा कुत्रीला घेऊन भेटायला आले, तेव्हा हेलन तिच्याजवळ बसली आणि तिचा पंजा धरून त्याच्या बोटांनी बाहुली शब्दाची अक्षरे करू लागली. शिक्षिकेला हसावे की रडावे कळेना!

५ एप्रिलचा दिवस सर्वांना ठाऊक आहे. पेला आणि त्यातले पेय यांची हेलन सारखी गल्लत करी. बाई तिला अंगणातील पंपाकडे घेऊन गेल्या, पेला तिच्या हाती दिला, दांडा मारला आणि थंडगार पाणी एका हातावरून वाहत असताना दुसऱ्या हातावर वॉटर शब्दाची पाच अक्षरे पुन्हा पुन्हा लिहिली. हेलनच्या हातातून पेला गळून पडला. ती स्तब्ध उभी राहिली आणि तिच्या चेहऱ्यावर निराळाच उजेड आला. मग तिने जमीन चाचपून तिचे नाव विचारले, पंपाचे विचारले, आणि वळून बाईंच्या अंगाला हात लावून त्यांचेही नाव विचारले. बाईंनी तिच्या तळहातावर ‘टीचर’ लिहिले. त्या एका दिवसात तिने सुमारे तीस शब्द मिळविले. रात्री ती आपण होऊन बाईंच्या कुशीत शिरली आणि तिने त्यांचा पहिला मुका घेतला.

नाटकात आणि चित्रपटात गोष्ट येथे संपते. माझ्या मते बाईंची खरी हुशारी या दिवसाच्या पुढे दिसते. हेलनचे एक चुलत भावंड पंधरा महिन्यांचे होते. त्याला कोणी धडे देत नाही, तरी ते बोललेले सारे समजते, हे बाईंनी पाहिले. त्यांनी ठरलेल्या वेळचे धडे बंद केले. तान्ह्या मुलाच्या कानाशी आई जशी बोलते, तसे त्या हेलनच्या तळहातावर सबंध वाक्ये बोलू लागल्या, समजो वा न समजो. झाडावर, नदीकाठी, कोंबडीच्या खुराड्यापाशी, जेथे मूल रमेल तेथेच शाळा. शब्द पाठ करून घेऊन भाषा येत नाही, भाषेत बुडून ती येते, हे त्यांना पुस्तकाने नव्हे तर एका रांगत्या मुलाने शिकविले.

हेलन देवाविषयी प्रश्न विचारू लागली तेव्हा मात्र बाई अडखळल्या. त्यांची स्वतःची श्रद्धा बालपणीच्या त्या जागेत फार हेलकावे खाऊन आली होती, आणि जे आपल्याला ठाम वाटत नाही ते मुलाला शिकवायचे नाही, एवढा त्यांचा प्रामाणिकपणा होता. त्यांनी हेलनला बोस्टनचे रेव्ह. फिलिप्स ब्रुक्स यांच्याकडे नेले. नाताळात आपण बेथलेहेम गावाविषयी जे गीत गातो त्याचे मूळ कवी हेच. देव प्रीती आहे, हे त्यांनी तिला इतक्या सोप्या रीतीने समजावले, की १८९१ साली केलरांच्या घरी मुलगा झाला तेव्हा त्याचे नाव फिलिप्स ब्रुक्स ठेवले गेले.

त्याच सुमारास मोठे संकट आले. अकरा वर्षांच्या हेलनने अनाग्नोस यांच्या वाढदिवसाला हिमराजाची एक गोष्ट लिहून पाठविली. ती छापली गेली आणि मागाहून कळले, की मार्गारेट कॅन्बी या लेखिकेच्या कथेशी ती बरीच जुळते. ती कथा हेलनच्या हातावर पूर्वी कोणीतरी वाचली होती. मूळ विसरले, शब्द मात्र मनात राहिले. १८९२ साली पर्किन्समध्ये आठ जणांच्या समितीपुढे त्या मुलीची दोन तास उलटतपासणी झाली, आणि त्या वेळी बाईंना बाहेर बसविले गेले. मते समसमान पडली. अनाग्नोस यांनी हेलनच्या बाजूने कौल दिला, पण पुढे त्यांचे मन फिरले. ही सारी शिक्षिकेची लबाडी असा संशय तेव्हापासून बाईंचा पाठलाग करीत राहिला. विशेष म्हणजे हेलनविषयी वृत्तपत्रांत येणाऱ्या अतिशयोक्तीला त्याच पहिल्यापासून कंटाळल्या होत्या. १८९७ साली केंब्रिजच्या शाळेचे प्रमुख आर्थर गिलमन यांनी दोघींना वेगळे करण्याचाही घाट घातला. हेलनने अन्नपाणी सोडले, आई धावत आली आणि बेत फसला.

१९०० ते १९०४ हेलन रॅडक्लिफ कॉलेजात शिकली. वर्गातील प्रत्येक व्याख्यान बाई तिच्या हातावर लिहीत. ब्रेलमध्ये नसलेली पुस्तके घरी स्वतः वाचून तिला पोहोचवीत, दिवसाचे पाच-पाच तास. दुखरे डोळे आणखी बिघडले. डॉक्टरांनी वाचन बंद करायला सांगितले, तर हेलन पाठ समजला नसतानाही समजला म्हणे, बाईंनी पुन्हा वाचू नये म्हणून. १९०४ साली हेलनला सन्मानाने पदवी मिळाली. शेजारी बसून तोच अभ्यासक्रम पुरा करणाऱ्या बाईंना कोणी प्रमाणपत्र दिले नाही.

१९०५ साली जॉन मेसी या तरुण लेखकाशी त्यांचा विवाह झाला. हेलनचे आत्मचरित्र त्यांच्याच मदतीने तयार झाले होते. पण तिघांचा हा संसार टिकला नाही. काही वर्षांनी मेसी निघून गेले. पैशाची चणचण कायमची. व्याख्यानांचे दौरे झाले, एक मूकपट झाला, १९२० नंतर काही वर्षे तर पोटासाठी दोघी रंगमंचावर जादूगार आणि कसरतपटूंच्या बरोबरीने उभ्या राहिल्या. बाईंना ते जिवावर येई. हेलनला प्रेक्षक आवडत! १९२४ पासून अंधांसाठी निधी जमविण्याचे काम सुरू झाले.

१९२९ साली बाईंचा उजवा डोळा काढावा लागला. ब्रेल त्यांना कधीच आवडले नव्हते. उतारवयात तेच बोटांनी वाचण्याची वेळ आली, आणि आता हेलन त्यांना मदत करी. टेम्पल विद्यापीठाने देऊ केलेली सन्माननीय पदवी त्यांनी आधी नाकारली आणि १९३२ साली मोठ्या आग्रहानंतर स्वीकारली. २० ऑक्टोबर १९३६ रोजी न्यूयॉर्कमध्ये फॉरेस्ट हिल्स येथे त्यांनी देह ठेवला. शेवटी त्यांचा हात हेलनच्या हातात होता. त्यांची रक्षा वॉशिंग्टनच्या कॅथीड्रलमध्ये ठेवण्यात आली. स्वतःच्या कर्तृत्वावर तो मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

हेलनने पुढे त्यांचे चरित्र लिहायला घेतले. बरेचसे लिहून झाले असताना १९४६ साली घराला आग लागली आणि हस्तलिखित जळून गेले. तिने ते पुन्हा पहिल्यापासून लिहिले. १९५५ साली ते प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी पंचाहत्तरीला आलेली हेलन भारतातही येऊन गेली. पुस्तकाचे नाव तिने ‘टीचर’ असेच ठेवले. १९६८ साली हेलन वारली तेव्हा तिची रक्षा त्याच कॅथीड्रलमध्ये बाईंच्या शेजारी ठेवली गेली.