नानासाहेब पेशवे

बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब १७४० सालीं पेशवे झाले, तेव्हां वडिलांची कीर्ति व कर्ज दोन्ही त्यांजकडे आलीं. त्यांनीं हिशेबास शिस्त लाविली. कात्रजचें पाणी पुण्यास आणिलें. परंतु १७५६ सालीं इंग्रजांच्या साह्यानें आंग्र्यांचें आरमार बुडवून आपलेंच बळ खचविलें. १७६० सालीं आमच्या भोकरच्या नैर्ऋत्येस उदगीर येथें विजयी झालेलें सैन्य त्यांनीं उत्तरेस धाडिलें. पुरेसा पैसा मात्र पोंचविला नाहीं. भाऊसाहेब पानिपतास उपाशी असतां नानासाहेबांनीं पैठणच्या सावकारकन्येशीं लग्न केलें. १४ जानेवारी १७६१ रोजीं सैन्य बुडालें; २३ जून रोजीं नानासाहेबही पर्वतीवर निवर्तले. शिंदे-होळकरांतील दुही पाहतां दोष एकट्या त्यांचा नव्हे. तथापि खजिना रिता व शत्रु समोर असतां धन्यानें विलंब करूं नये, असें आम्हांस वाटतें.