पेन ड्राइव्ह बूट होत नाही? मग गॅरीला भेटा

मागच्या महिन्यात मुकुंदवाडीतल्या मित्राच्या रूमवर रात्री बारा वाजता आम्ही तिघं एका जुन्या लॅपटॉपसमोर बसलो होतो. चार जीबी रॅम, आणि विंडोज उघडेपर्यंत खाली जाऊन चहा पिऊन यावं अशी गत. म्हणून ठरलं, पेन ड्राइव्हवरून लिनक्स मिंट चालवायचं. पण मशिन पेन ड्राइव्हकडे बघायलाच तयार नाही, दर वेळी सरळ विंडोज! शेवटी एफ २ दाबून सेटिंगच्या त्या निळ्या स्क्रीनमध्ये शिरलो. तिला सगळे बायोस म्हणतात. हा शब्द कुणी आणला हे शोधताना गॅरी किल्डॉल सापडला.

१९ मे १९४२ ला सिएटलमध्ये जन्म. घरची शाळा होती, जहाज कसं हाकायचं ते शिकवणारी. गॅरीला गणिताचा मास्तर व्हायचं होतं, पण वॉशिंग्टन विद्यापीठात कम्प्युटरचा नाद लागला आणि १९७२ मध्ये त्यातच पीएचडी झाली. नेव्हीच्या सेवेत असताना तो कॅलिफोर्नियात, माँटेरीच्या नेव्हल पोस्टग्रॅज्युएट स्कूलमध्ये शिकवायला लागला. इंटेलच्या चिप तेव्हा नव्या होत्या. गॅरी इंटेलसाठी सल्लागार म्हणून काम करायचा आणि त्यांच्यासाठी त्याने पीएल/एम ही भाषा लिहिली.

अडचण एकच होती. लिहिलेला प्रोग्राम ठेवायचा कुठे? कागदी पट्टीला भोकं पाडून ठेवायचे आणि ती पट्टी वाचायला मशिन वेळ खायचं. गॅरीने शुगार्ट कंपनीचा फ्लॉपी ड्राइव्ह मिळवला. पण ड्राइव्ह आणि कम्प्युटर यांच्यामध्ये कंट्रोलर बोर्ड लागतो, आणि तो त्याला काही केल्या जमेना. पीएचडीवाला माणूस, आणि हार्डवेअरपुढे हात टेकले! ड्राइव्ह कितीतरी महिने नुसता पडून राहिला. (आमचा पेन ड्राइव्ह दोनच तास पडून होता, म्हणजे आम्ही फारच नशीबवान.)

१९७४ मध्ये जॉन टोरोड या मित्राने कंट्रोलर बनवून दिला. पॅसिफिक ग्रोव्ह गावात गॅरीच्या घरामागे अवजारांची शेड होती, तिथे दोघं बसले. गॅरीने लिहिलेली ऑपरेटिंग सिस्टिम कागदी पट्टीवरून फ्लॉपीवर चढवली, मग मशिन त्या फ्लॉपीवरून बूट केलं. स्क्रीनवर एक चांदणी उमटली, म्हणजे सिस्टिम हुकमाची वाट बघतेय. एका मशिनवर सिस्टिम तयार करून दुसऱ्या चकतीवर लिहायची आणि तिथून बूट करायचं, आपण पेन ड्राइव्हवर आजही हेच करतो. तिचं नाव सीपी/एम.

गॅरीने ती इंटेलला देऊ केली, त्यांनी घेतली नाही. मग त्याने आणि बायको डोरोथीने घरूनच कंपनी काढली, डिजिटल रिसर्च. धंद्याचा बराच भार डोरोथीच सांभाळायची.

आता बायोसकडे येऊ. प्रत्येक कंपनीचं मशिन वेगळं. कुणाचा ड्राइव्ह वेगळा, कुणाचा कीबोर्ड वेगळा. प्रत्येकासाठी गॅरीला सिस्टिममध्ये हात घालून दुरुस्त्या कराव्या लागायच्या. इम्साय या कंपनीने सीपी/एम घेतली तेव्हा तो या कामाला वैतागला. त्याने इम्सायच्या ग्लेन युइंगबरोबर बसून सिस्टिमचे तुकडे केले. हार्डवेअरशी बोलणारा छोटा भाग बाजूला काढला आणि त्याला नाव दिलं बायोस. मशिन बदललं की फक्त तेवढा भाग नव्याने लिहायचा, वरचं सगळं जसंच्या तसं. मला हा त्याचा सगळ्यात मोठा शोध वाटतो, कारण यामुळे ऑपरेटिंग सिस्टिम एका कंपनीच्या डब्याला बांधलेली राहिली नाही. बघता बघता सीपी/एम शेकडो प्रकारच्या मशिनवर पोचली. ड्राइव्हला ए, बी अशी अक्षरं देण्याची सवयही पीसीवर तिच्याकडूनच आली. विंडोजमधला आपला सी ड्राइव्ह त्याच घराण्यातला.

आमचा घोळ कुठे होता? पहिली चूक, आयएसओ फाइल पेन ड्राइव्हवर नुसती कॉपी केली होती. ती रुफससारख्या टूलने लिहावी लागते, तरच ड्राइव्ह बूट होतो. दुसरी, विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू होतं. त्यात शटडाउन केलं तरी मशिन पूर्ण बंद होत नाही, म्हणून रीस्टार्ट करून बूट मेन्यूची की दाबावी लागते. कुठे एफ १२, कुठे एफ ९, कुठे एस्केप. तिसरा अडथळा सिक्युअर बूट. आजच्या लॅपटॉपमध्ये खरं तर जुना बायोस नसतोच, त्याच्या जागी यूईएफआय आहे. ओळखीची डिजिटल सही नसलेली सिस्टिम सिक्युअर बूट आत सोडत नाही. मिंट सहीसकट येतं, तरी काही मशिनवर अडतं. आमच्यावर अडलं. सिक्युअर बूट बंद करण्याआधी विंडोजमध्ये बिटलॉकर चालू आहे का ते बघा आणि त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा. नाहीतर विंडोज परत उघडताना ती की मागितली जाते आणि मग सबमिशनच्या आदल्या रात्री रडायची वेळ येते.

गॅरीच्या सिस्टिमलाही अशीच दारं बंद झाली. १९८० मध्ये आयबीएमची माणसं पॅसिफिक ग्रोव्हला आली, नव्या पीसीसाठी सिस्टिम हवी होती. गॅरी त्या दिवशी मौज म्हणून विमान उडवत बसला आणि करोडो घालवले, ही गोष्ट तुम्ही कुठेतरी वाचली असेल. ती अर्धवट आहे. विमान तो स्वतःच उडवत होता हे खरं, पण कामासाठी गेला होता. आयबीएमच्या गुप्ततेच्या करारावर डोरोथीने सही केली नाही. पुढे बोलणं नेमकं कुठे फिसकटलं याबद्दल हजर असलेल्यांच्या हकिकती जुळत नाहीत. आयबीएम मायक्रोसॉफ्टकडे गेली, मायक्रोसॉफ्टने सिएटलच्या एका छोट्या कंपनीकडून सीपी/एमच्या वळणाची सिस्टिम घेतली आणि तिचं झालं डॉस. गॅरीने तक्रार केल्यावर आयबीएमने सीपी/एमही विकायला ठेवली. डॉस ४० डॉलर, सीपी/एम २४० डॉलर. विद्यार्थ्याच्या खिशाने काय निवडलं असतं ते सांगायला नको.

ज्याने दार बांधलं तोच पर्यायी सिस्टिमवाला झाला. १९८८ मध्ये त्याच्या कंपनीने डीआर डॉस काढलं, लोकांना आवडलंही. पण विंडोज ३.१ च्या चाचणी आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने असा कोड टाकला होता की खाली डीआर डॉस दिसलं की विनाकारण एरर यायचा. पुढे हा कोड कोर्टकज्जात गाजला. तोवर, १९९१ मध्ये, गॅरीची कंपनी नोव्हेलला विकली गेली होती.

असं नाही की तो नुसता कुढत बसला. पैसा होता, विमानं होती. कम्प्युटर क्रॉनिकल्स या टीव्ही कार्यक्रमात तो सहसूत्रधार होता आणि सीडीवर ज्ञानकोश आणणाऱ्या पहिल्यावहिल्या लोकांतही होता. पण त्या विमानाच्या गोष्टीने त्याचा पिच्छा सोडला नाही. जुलै १९९४ मध्ये माँटेरीतल्या एका बारमध्ये त्याच्या डोक्याला मार लागला आणि तीन दिवसांनी, ११ जुलैला, तो गेला. वय ५२.

२०१४ मध्ये पॅसिफिक ग्रोव्हला डिजिटल रिसर्चच्या जुन्या कचेरीपुढे स्मरणफलक बसला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या कम्प्युटर हिस्टरी म्युझियमने सीपी/एमच्या जुन्या आवृत्त्यांचा सोर्स कोड बिगरव्यापारी वापरासाठी खुला केला.

पहाटे अडीचला मिंट सुरू झालं. दुसऱ्या दिवशी त्याच लॅपटॉपवर एम्युलेटर टाकून आम्ही सीपी/एम चालवली. काळ्या स्क्रीनवर ए अक्षर आलं, त्याच्यापुढे एक बाणाचं टोक, आणि शेजारी लुकलुकणारा कर्सर. मित्राने पहिलीच कमांड चुकीची दिली, तर तिने त्याने टाइप केलेला शब्द परत दाखवला आणि पुढे फक्त एक प्रश्नचिन्ह लावलं.