दांतेस बेलगार्द : हैतीचे इतिहासकार आणि मुत्सद्दी

हैती १८०४ मध्ये गुलामांच्या उठावातून स्वतंत्र झाले आणि १९१५ मध्ये अमेरिकी सैन्याने ते व्यापले. त्या व्यापलेल्या देशातच दांतेस बेलगार्द (१८७७–१९६६) १९१८ मध्ये शिक्षणमंत्री झाले, ही विसंगती आपण नजरेआड करू नये. पुढे हैतीचे प्रतिनिधी म्हणून ते राष्ट्रसंघात गेले. १९२२ मध्ये नैऋत्य आफ्रिकेतील बोंडेलस्वार्ट लोकांवर विमानांतून बॉम्ब टाकण्यात आले, त्याचा जाब त्यांनी तेथे विचारला. तो प्रदेश संघानेच दक्षिण आफ्रिकेच्या स्वाधीन केलेला होता, हे ध्यानात घ्या. मग १९३० मध्ये त्याच सभेत त्यांनी स्वदेशाची बाजू मांडली. अमेरिकी सैन्य १९३४ मध्ये परतले. हैती राष्ट्राविषयीचा त्यांचा ग्रंथ १९३८ चा.