बरोबरीनंतरचा हॅरी व्हार्डन

गोल्फच्या व्यावसायिक स्पर्धेत चार दिवसांच्या चार फेऱ्या संपल्यावर दोघांचे फटके समसमान भरले, की प्ले-ऑफ खेळवला जातो. आज बहुतेक स्पर्धांत तो एकेका होलवर, जो आधी चुकेल तो हरला या पद्धतीने उरकतो. संध्याकाळच्या प्रक्षेपणाची वेळ सांभाळावी लागते, त्याला इलाज नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र बरोबरी फोडण्यासाठी खेळाडूंना पुन्हा एक अख्खा दिवस, तब्बल 36 होल खेळावे लागत. या कसोटीतून एकाच माणसाचे नाव घडले, झळाळले आणि एकदा धुळीलाही मिळाले. तो माणूस म्हणजे हॅरी व्हार्डन. ब्रिटनची ओपन ही मानाची स्पर्धा सहा वेळा जिंकण्याचा त्याचा विक्रम 1914 पासून आजतागायत कोणालाही मोडता आलेला नाही. पीटर थॉमसन आणि टॉम वॉटसन पाच विजेतेपदांपर्यंत पोहोचले आणि तिथेच थांबले.

फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ जर्सी नावाचे बेट आहे. या बेटावरील ग्रूव्हिल गावात 9 मे 1870 रोजी एका माळ्याच्या घरी हॅरीचा जन्म झाला. भावंडे बरीच, मिळकत बेताची. 1878 मध्ये इंग्लंडहून आलेल्या काही सद्गृहस्थांनी गावाच्या समुद्रालगतच्या सार्वजनिक जमिनीवर गोल्फचे मैदान आखायला घेतले, तेव्हा गावकरी बिथरले. पिढ्यान्‌पिढ्या आपली असलेली मोकळी जागा परक्या, पैसेवाल्या मंडळींच्या खेळासाठी जाणार, हे त्यांना रुचले नाही. वाकड-हिंजवडी पट्ट्यातील जुन्या गावकऱ्यांना हे चित्र अनोळखी वाटू नये. जमिनीचा वापर बदलला की गावातील मुलांच्या नशिबाचे फासेही बदलतात, कधी उलटे, कधी सुलटे. ग्रूव्हिलच्या पोरांच्या वाट्याला कॅडीचे, म्हणजे साहेबांच्या काठ्यांची पिशवी वाहण्याचे काम आले.

या पोरांनी आपला स्वतःचा खेळ उभा केला. ओकच्या फांद्या तोडून त्यांनी काठ्या केल्या आणि चेंडू म्हणून गोट्या वापरल्या. हॅरीला शिकवणारा कोणीच नव्हता. मोठ्या माणसांचे फटके पाहायचे, आवडतील ते उचलायचे, नावडतील ते सोडून द्यायचे, हीच त्याची शाळा. शाळेतील शिक्षण लवकरच सुटले आणि तो शेतावर, पुढे बापाप्रमाणेच बागकामावर लागला. विशीपर्यंत त्याने धड वर्षभर सलग गोल्फ खेळलेले नव्हते. आजच्या काळात सहाव्या-सातव्या वर्षी प्रशिक्षकाकडे धाडल्या जाणाऱ्या मुलांच्या पालकांनी ही बाब जरूर लक्षात घ्यावी.

धाकटा भाऊ टॉम आधी बाहेर पडला. त्याने स्कॉटलंडमधील एका स्पर्धेत बक्षीस मिळवल्याची वार्ता जर्सीत पोहोचली, तेव्हा हॅरीच्या मनात आले की टॉमला जमते तर आपल्यालाही जमेल. 1890 मध्ये टॉमच्याच खटपटीने उत्तर इंग्लंडमधील रिपनजवळच्या एका नव्या क्लबमध्ये त्याला नोकरी मिळाली. तेथून तो बरी येथे आणि 1896 मध्ये यॉर्कशायरमधील गँटन क्लबमध्ये आला. या नोकरीचे स्वरूप समजून घ्यायला हवे. क्लबचा व्यावसायिक खेळाडू म्हणजे काठ्या दुरुस्त करणारा, सदस्यांना शिकवणारा, वेळप्रसंगी मैदानाची निगा राखणारा नोकर. क्लबहाउसचा दर्शनी दरवाजा त्याच्यासाठी नव्हता. खेळ त्याचा, प्रतिष्ठा मात्र हौशी खेळणाऱ्या श्रीमंतांची, असा तो उफराटा व्यवहार होता.

1894 आणि 1895 अशी सलग दोन वर्षे ओपन जिंकणारा जे. एच. टेलर त्या काळी अजिंक्य मानला जात होता. 1896 च्या मे महिन्यात गँटनच्या सदस्यांनी त्याला आपल्या नव्या खेळाडूविरुद्ध सामन्यासाठी बोलावले. व्हार्डनने टेलरला असे धुऊन काढले, की सामना कित्येक होल बाकी असतानाच संपला. तरीही तो यजमानांच्या मैदानावरील सामना होता. खरा निकाल पुढच्याच महिन्यात स्कॉटलंडमधील म्युअरफिल्डवर लागायचा होता.

तेथे पहिल्या फेरीत टेलरने 77 फटके घेतले, तर व्हार्डनने 83. सहा फटक्यांची ही पिछाडी व्हार्डनने उरलेल्या तीन फेऱ्यांत 78, 78 आणि 77 फटके घेत भरून काढली. अखेरच्या होलवर चार फटक्यांत काम झाले असते, तर विजेतेपद तेथेच त्याच्या खिशात होते. पण ग्रीनच्या तोंडाशी वाळूचा खोल खड्डा होता. तो ओलांडण्याचा धाडसी फटका मारावा की खड्ड्याच्या अलीकडे थांबावे, अशा पेचात तो काही क्षण उभा राहिला. गर्दीतून एका परिचित खेळाडूने त्याला थांबण्याची खूण केली, असे सांगतात. व्हार्डन अलीकडे थांबला, पाच फटक्यांत होल पुरा केला आणि 316 फटक्यांवर टेलरशी बरोबरी झाली. सव्वीस वर्षांच्या, पहिल्या विजेतेपदाच्या उंबरठ्यावर असलेल्या तरुणाने दाखवलेला हा संयम त्याच्या सगळ्या लांब फटक्यांहून मोलाचा मानावा लागेल. प्ले-ऑफ लगेच झाला नाही, कारण मध्ये शेजारच्या नॉर्थ बेरिक येथे दुसरी स्पर्धा ठरलेली होती. शनिवारी दोघे पुन्हा उतरले आणि 36 होलनंतर आकडे होते व्हार्डन 157, टेलर 161. माळ्याचा मुलगा विजेता झाला.

त्यानंतरची काही वर्षे त्याचीच होती. 1898 मध्ये प्रेस्टविकवर त्याने विली पार्क धाकटा याला एका फटक्याने मागे टाकले, 1899 मध्ये सँडविचवर तर पाच फटक्यांनी बाजी मारली. पार्कला हा पराभव इतका झोंबला, की त्याने 100 पौंडांच्या पैजेवर सामन्याचे आव्हान दिले. अर्धा सामना नॉर्थ बेरिकला, अर्धा गँटनला. पहिल्या दिवशी दहा हजारांच्या आसपास लोक लोटले होते. निकाल व्हार्डनच्याच बाजूने, तोही अत्यंत एकतर्फी लागला.

त्याच्या खेळात असे काय होते? उंच, सैलसर झेप घेणारा झोका आणि चेंडू आकाशात चढवून अलगद उतरवण्याची हातोटी. डाव्या हाताच्या तर्जनीवर उजव्या हाताची करंगळी ठेवून काठी धरण्याची पद्धत आज व्हार्डनच्या नावाने ओळखली जाते. ती त्याने शोधली नव्हती, लेडले नावाचा हौशी खेळाडू आधीपासून तशीच काठी धरत असे. प्रसार मात्र व्हार्डनमुळे झाला. पुण्याच्या येरवड्यातील मैदानावर किंवा वाकडहून फारशा दूर नसलेल्या लवळ्याच्या डोंगरातील मैदानावर नवशिक्याच्या हातात पहिल्यांदा काठी दिली जाते, तेव्हा बोटांची हीच जुळणी शिकवली जाण्याची शक्यता अधिक.

1900 मध्ये स्पॉल्डिंग कंपनीने आपल्या 'व्हार्डन फ्लायर' या चेंडूच्या जाहिरातीसाठी त्याला अमेरिकेत नेले. खेळाडूच्या नावावर माल खपवण्याचे हे फार जुने उदाहरण. महिनोन्‌महिने तो गावोगाव प्रदर्शनी सामने खेळत हिंडला आणि शिकागोजवळ अमेरिकन ओपनही टेलरला दोन फटक्यांनी मागे टाकून जिंकला. दैवाचा खेळ असा, की गट्टापर्चाचा जो टणक चेंडू तो विकत होता त्याचे दिवस भरत आले होते. रबराचे धागे गुंडाळून केलेला नवा चेंडू आला आणि 1902 ची ओपन तोच चेंडू वापरणाऱ्या सँडी हर्डने जिंकली. जुन्या चेंडूला चिकटून राहिलेला व्हार्डन एका फटक्याने हुकला.

त्याहून मोठे संकट शरीरात शिरले होते. 1903 मध्ये प्रेस्टविकवर त्याने चौथी ओपन जिंकली. दुसरा आला तो त्याचा भाऊ टॉम, सहा फटके मागे. पण अखेरच्या फेरीत व्हार्डनला उभे राहणेही कठीण जात होते. क्षयाने त्याला गाठले होते. त्या काळी या रोगावर औषध नव्हते. स्ट्रेप्टोमायसिन यायला अजून चार दशके होती. मोकळी हवा, विश्रांती, सकस आहार एवढाच उपचार. नॉरफोकमधील मंड्सलीच्या आरोग्यधामात त्याने महिनेच्या महिने काढले. तो बचावला, मैदानावर परतला, परंतु होलजवळच्या छोट्या फटक्याच्या वेळी त्याचा उजवा हात अचानक दचकू लागला. दोनशे यार्डांवरून चेंडू हव्या त्या जागी टाकणारा माणूस दोन-तीन फुटांवरून चुकू लागला. प्रेक्षक हळहळत आणि तो निमूटपणे पुढच्या होलकडे चालू लागे.

आठ वर्षे विजेतेपद नाही. मग 1911, सँडविच. शेवटच्या फेरीत 80 फटके घेऊन त्याने आघाडी जवळजवळ उधळली आणि फ्रान्सच्या आर्नो मासीने 303 वर त्याला गाठले. पुन्हा 36 होलचा प्ले-ऑफ. या वेळी व्हार्डन 41 वर्षांचा होता, हात आजारी होता, पण त्या दिवशी तो इतका अचूक खेळला, की 35 व्या होलवर मासीने स्वतःच हार मान्य केली.

दोन वर्षांनी बॉस्टनजवळच्या ब्रुकलाइन येथे नेमके उलटे घडले. व्हार्डन आणि जर्सीचाच टेड रे यांना येता यावे म्हणून 1913 ची अमेरिकन ओपन जूनऐवजी सप्टेंबरमध्ये ठेवली होती. हे दोघे 304 वर बरोबरीत असतानाच फ्रान्सिस विमेट हा वीस वर्षांचा स्थानिक हौशी खेळाडू त्याच आकड्यावर येऊन थडकला. त्याचे घर मैदानासमोर रस्त्यापलीकडे होते, पिशवी वाहायला दहा वर्षांचा एडी लोअरी होता आणि त्याचाही बाप माळीकाम करणारा होता. 20 सप्टेंबरला पावसात 18 होलचा प्ले-ऑफ झाला. पहिले नऊ होल तिघांनीही 38 फटक्यांत पुरे केले. सतराव्या होलवर येताना व्हार्डन एकाच फटक्याने मागे होता. म्युअरफिल्डवर खड्ड्याअलीकडे थांबलेल्या माणसाने येथे मात्र वळण कापण्याचा धोका पत्करला. चेंडू वाळूत गेला. विमेट 72, व्हार्डन 77, रे 78. अमेरिकेत गोल्फ सर्वसामान्यांच्या घराघरांत पोहोचला तो या निकालामुळे. त्याची किंमत व्हार्डनने चुकती केली.

एवढ्यावर तो संपला असता तर नवल नव्हते. पुढच्याच वर्षी प्रेस्टविकवर टेलरला तीन फटक्यांनी हरवून 44 व्या वर्षी त्याने सहावी ओपन जिंकली. काही आठवड्यांत महायुद्ध पेटले आणि ओपन 1920 पर्यंत बंद राहिली.

1920 मध्ये वयाच्या पन्नाशीत तो पुन्हा अमेरिकन ओपनला गेला. ओहायोतील टोलेडोच्या इन्व्हरनेस क्लबने त्या वर्षी व्यावसायिक खेळाडूंना क्लबहाउसचे दार उघडून दिले. कृतज्ञता म्हणून खेळाडूंनी क्लबला उंच घड्याळ भेट दिले. दारे सगळीकडे अशी उघडली नाहीत, हेही खरे. 1963 मध्ये दक्षिण आफ्रिकेत नाताळ ओपन जिंकणाऱ्या भारतीय वंशाच्या पापवा सेवगोलमला वर्णभेदामुळे पावसात बाहेर उभे राहून चषक घ्यावा लागला. टोलेडोत व्हार्डन शेवटच्या फेरीत आघाडीवर होता. तेवढ्यात सरोवराकडून वादळी वारा सुटला आणि थकलेल्या शरीराने साथ सोडली. टेड रे 295, व्हार्डन 296. एका फटक्याने प्ले-ऑफही हुकला.

उरलेले आयुष्य त्याने लंडनच्या उत्तरेकडील टॉटरिजच्या साउथ हर्ट्स क्लबमध्ये सदस्यांना शिकवण्यात घालवले. 20 मार्च 1937 रोजी तेथेच त्याचे निधन झाले. त्याच वर्षी अमेरिकेतील व्यावसायिकांच्या संघटनेने त्याच्या नावाचा चषक सुरू केला; पुढे तो वर्षभरात सरासरी सर्वांत कमी फटके घेणाऱ्याला दिला जाऊ लागला. तो अजूनही दिला जातो.