आगकाड्या चालू लागल्या!

धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. चित्रकला, छायाचित्रण व मुद्रण या कला त्यांनी परिश्रमाने हस्तगत केल्या. मुंबईत एक परदेशी चित्रपट पाहून आपणही चित्रपट निर्माण करावा, असा ध्यास त्यांनी घेतला. अतिश्रमामुळे काही काळ त्यांची दृष्टी गेली. तरी निश्चय ढळला नाही.

१९१२ साली त्यांनी लंडनहून कॅमेरा आणला. पण भांडवल कोण देणार? तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला व महिनाभर त्याची चित्रे घेतली. महिन्याची वाढ पडद्यावर मिनिटभरात पाहून लोक थक्क झाले. भांडवल मिळाले आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला.

पुढे १९१५ साली त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट केला. काडी किंचित सरकवावी, चित्र घ्यावे, पुन्हा सरकवावी! अशी असंख्य चित्रे वेगाने फिरली, की निर्जीव काड्या सजीव भासत.

१६ फेब्रुवारी १९४४ रोजी दादासाहेब नाशिक येथे निवर्तले. ती चित्रफीत आज कोणत्याही संग्रहालयात पाहावयास मिळत नाही. चित्रे लोपली, त्यांमागील चिकाटी मात्र चिरस्मरणीय आहे.